दुसऱ्या बॅटरीचे पैसे कोण देणार?

बडोद्याच्या रेसकोर्स भागात सरदार पटेल विद्युत भवन आहे. २००५ मध्ये गुजरातच्या वीज मंडळाची विभागणी झाली, तेव्हा वीज खरेदी करणारे गुजरात ऊर्जा विकास निगम, पारेषण करणारी जेटको आणि मध्य गुजरात वीज कंपनी या सगळ्यांची मुख्य कार्यालये याच शहरात राहिली. मकरपुऱ्यात विजेच्या उपकरणांची तपासणी आणि संशोधन करणारी 'एर्डा' ही संस्था १९७४ पासून आहे. अपारंपरिक ऊर्जेसाठी राज्याने १९७९ मध्ये काढलेल्या 'जेडा'चे कार्यालयही बरीच वर्षे इथेच होते. गुजरातच्या शेवटच्या फळियात, म्हणजे वस्तीत, दिवा लागणार का, आणि कोणत्या भावाने, याचे निम्मे निर्णय बडोद्यात होतात असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती फार नाही. म्हणून गावापुरत्या छोट्या वीजजाळ्यांबद्दल जे बोलायचे ते या शहराला उद्देशून बोललेले बरे.

सौर पॅनेल, त्याच्या जोडीला पवनचक्की, गोबरगॅसवरचे इंजिन किंवा डिझेल जनरेटर, आणि मध्ये बॅटऱ्या, अशी दोन-तीन साधने एकत्र जोडून एका गावापुरते उभे केलेले जाळे म्हणजे संमिश्र मायक्रोग्रिड. अशा योजनेच्या प्रस्तावात पहिल्या पानावर किलोवॉट असतात, दुसऱ्यावर प्रतियुनिट दर आणि शेवटी उद्घाटनाचा महिना. माझे म्हणणे असे की, या तिन्हींवरून सहा वर्षांनी त्या गावात दिवे लागतील का याचा अंदाजसुद्धा बांधता येत नाही. पहिल्या बॅटऱ्या संपल्यावर दुसऱ्यांचे पैसे कोणत्या खात्यातून येणार, आणि मोठ्या कंपनीची तार गावात पोचली की छोट्या जाळ्याचे काय करायचे, या दोन प्रश्नांची उत्तरे पहिल्या दिवशी लिहून ठेवली आहेत की नाहीत, यावर सगळे ठरते. यंत्रे त्यामानाने सोपी आहेत.

आधी खर्चाचे गणित मांडू, कारण 'सौर वीज आता फुकटात पडते' हे वाक्य सर्रास ऐकू येते.

साठ घरांचे एक गाव धरा. घरात चार एलईडी दिवे, एक-दोन पंखे, टीव्ही, मोबाइल चार्जर. रोज घरटी एक युनिट, म्हणजे साठ युनिटे. पिण्याच्या पाण्याचा पंप, पिठाची गिरणी, शाळा आणि रस्त्यावरचे दिवे मिळून आणखी वीस. मध्य गुजरातच्या उन्हात एक किलोवॉट पॅनेल वर्षभराच्या सरासरीने रोज साधारण चार युनिटे देते. कागदावर वीस किलोवॉट पुरतात; बॅटरीत जाता-येता आणि इन्व्हर्टरमध्ये होणारी गळती धरली की पंचवीस. इथपर्यंत सगळे स्वस्त आहे आणि वर्षागणिक आणखी स्वस्त होते आहे.

पण गावाला वीज लागते ती दिवेलागणीनंतर. ऐंशीतली निदान चाळीस युनिटे सूर्य मावळल्यावर खर्च होतात. आणि जुलै-ऑगस्टमध्ये ओळीने तीन दिवस आभाळ भरून राहणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. नुसत्या सूर्याच्या भरवशावर हे तीन दिवस काढायचे तर एकशे वीस युनिटांचा साठा हवा. शिसे-आम्लाची बॅटरी अर्ध्याहून जास्त रिकामी करत गेलो तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे विकत घ्यायची ती दोनशे चाळीस युनिटांची बँक. तेच, बॅटरी एका रात्रीपुरती ठेवली आणि भरल्या आभाळाच्या रात्री जनरेटर लावला, तर ऐंशीची बँक पुरते. वाचलेल्या एकशे साठ युनिटांच्या बॅटऱ्यांना बाजारभावाने बारा-तेरा लाख रुपये पडतात आणि त्या पाचेक वर्षांत बदलाव्या लागतात. म्हणजे वर्षाला अडीच लाख. उलट, लहान जनरेटर एका लिटरमध्ये तीन-साडेतीन युनिटे देतो. डिझेलचा आजचा भाव धरला तर नुसत्या इंधनाचेच युनिटमागे सत्तावीस ते तीस रुपये होतात, तरीही चाळीस युनिटांच्या रात्रीला बाराशे रुपये. वर्षात अशा तीस रात्री आल्या तर छत्तीस हजार.

अडीच लाख आणि छत्तीस हजार. संमिश्र पद्धतीचे सगळे अर्थशास्त्र या दोन आकड्यांत आहे. शंभरातल्या नव्वद रात्री उजेड देणे स्वस्त असते. उरलेल्या दहा रात्रींची खात्री देणे महाग असते, आणि ती कोणत्या साधनाने द्यायची यावर गावाचे बिल ठरते. दर युनिटला अमुक रुपये अशी सरासरी काढली की नेमकी हीच गोष्ट झाकली जाते.

डिझेलच्या जागी दुसरे काही चालेल का? सौराष्ट्र-कच्छच्या किनाऱ्यावर वारा हे उत्तर आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात असतात तेव्हाच सूर्य झाकलेला असतो, त्यामुळे दोघे एकमेकांची उणीव भरून काढतात. पण वाऱ्याचा तेवढा जोर बडोदा-आणंदच्या मैदानात नाही. इथे जनावरे आहेत. पंचवीस किलो शेणापासून साधारण एक घनमीटर गॅस मिळतो आणि लहान इंजिनावर त्यातून दीडेक युनिट वीज निघते. पंधरा युनिटांसाठी अडीचशे किलो शेण, म्हणजे वीस-पंचवीस जनावरे. दुधाची सहकारी मंडळी असलेल्या गावात एवढी जनावरे एका फळियात सापडतात. त्या पंधरा युनिटांनी साऱ्या गावाची रात्र निघणार नाही. पाण्याचा पंप, दवाखान्यातले लसींचे फ्रिज आणि घरटी दोन दिवे मात्र निघतात. बिहारमध्ये २००७ मध्ये भाताच्या तुसापासून वीज करून सुरू झालेली हस्क पॉवर ही कंपनीही पुढे याच वाटेने गेली, दिवसा सूर्य आणि संध्याकाळी तूस. जे गावात आहे ते पावसाळ्यासाठी राखून ठेवायचे.

आता बॅटरीच्या खोलीत जाऊ. सहसा ही खोली शाळेमागे किंवा पंचायतीच्या आवारात असते, पत्र्याची, आणि मे महिन्यात आत पाऊल ठेववत नाही. दोन-दोन व्होल्टचे उंच सेल ओळीने मांडलेले, टर्मिनलवर पांढरट-निळसर बुरशीसारखा थर, कोपऱ्यात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन. कॅन रिकामा आहे की भरलेला, एवढ्यावरून त्या जाळ्याचे उरलेले आयुष्य सांगता येते. दर महिन्याला पातळी बघून पाणी घालायचे, थर पुसून ग्रीस लावायचे, घनता मोजून वहीत लिहायची. काम अवघड नाही, पण ते करणारे माणूस पगारी लागते, आणि त्याला सुटी घ्यायची तर बदली माणूस लागते. नीट निगा राखली तर असे सेल पाच-सहा वर्षे जातात; नाही राखली तर दोन वर्षांत बसतात. लिथियम बॅटरीला पाणी लागत नाही आणि ती दुप्पट टिकते, पण तिच्या आतले इलेक्ट्रॉनिक कार्ड बिघडले तर दुरुस्ती तालुक्याला होत नाही, आणि पन्नाशीला टेकलेली उष्णता तिलाही मानवत नाही.

लग्नासाठी उसने मिळते, संसारासाठी मिळत नाही, तसे या योजनांचे आहे. उभारणीला अनुदान आहे, देणगी आहे, कंपन्यांचा सामाजिक निधी आहे. पाचव्या वर्षीच्या सात-आठ लाखांच्या बॅटऱ्यांसाठी कोणाकडेच खर्चाचे शीर्ष नाही. साठ घरांच्या गावाने तो पैसा स्वतः साठवायचा म्हटले तर घरटी महिन्याला दोनशे रुपये नुसते बॅटरीसाठी बाजूला पडले पाहिजेत, आणि तेही कोणाचे सुतक, कोणाचे लग्न, दुष्काळी वर्ष न बघता. हे होत नाही असे मुळीच नाही. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीला 'ग्राम ऊर्जा' या पुण्याच्या संस्थेने २०१२ मध्ये ३९ घरांसाठी ९.४ किलोवॉटचे सौर जाळे उभारले. त्यात संमिश्र काही नव्हते, पण पहिल्यापासून प्रत्येक घराला मीटर बसला, गावकऱ्यांचेच विश्वस्त मंडळ झाले, आणि बिलाचा पैसा देखभालीसाठी जमा व्हायला लागला. मीटर गावातल्याच माणसाने वाचायचा आणि बिल गावातल्याच माणसांनी वसूल करायचे, यातला संकोच आणि ताण ज्यांनी गावकी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल. दरेवाडीने तो ताण उचलला, हे मला त्या पॅनेलांपेक्षा मोठे वाटते.

स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ एग नावाचे बेट आहे, वस्ती जेमतेम शंभर. २००८ पर्यंत तिथे ज्याचे त्याचे डिझेल जनरेटर होते. त्या वर्षी बेटाच्या स्वतःच्या कंपनीने ओढ्यावरची जलविद्युत, पवनचक्क्या आणि सौर पॅनेल एकत्र करून चोवीस तास वीज सुरू केली. डिझेल राखीव राहिले. तिथला एक नियम आपल्या योजनाकारांनी जरूर अभ्यासावा. कोणत्याही घराने एका वेळी पाच किलोवॉटहून जास्त वीज ओढायची नाही, दुकान-हॉटेलांनी दहा. मर्यादा ओलांडली की वीज तुटते. श्रीमंताला वेगळा नियम नाही. जाळे मोठे करण्याऐवजी मागणीलाच लगाम घातल्याने बॅटरी लहान राहिली आणि खर्च आटोक्यात. आपल्याकडे पहिल्या वर्षी दिवा-पंखा, दुसऱ्या वर्षी फ्रिज, तिसऱ्या वर्षी कोणीतरी एसी बसवतो, कोणीतरी आकडा टाकतो, आणि मग 'सौर वीज कुचकामी' असा शेरा साऱ्या गावाच्या तोंडी येतो.

पण नीट चाललेले जाळेही बाहेरच्या एका निर्णयाने संपू शकते. नर्मदेच्या खोऱ्याने हे फार कडवटपणे पाहिले. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यातल्या बिलगावला २००३ मध्ये गावकऱ्यांनी श्रमदानाने पंधरा किलोवॉटचा सूक्ष्म जलविद्युत प्रकल्प उभा केला. नर्मदा बचाव आंदोलन आणि केरळच्या 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी'चे तंत्रज्ञ सोबत होते. आशुतोष गोवारीकरांच्या 'स्वदेस' (२००४) चित्रपटात गावात वीज येते त्या भागामागची प्रेरणा हीच. ती वीज बिघाडाने गेली नाही, थकबाकीने गेली नाही. २००६ मध्ये सरदार सरोवराची उंची १२१.९२ मीटरपर्यंत वाढली आणि त्याच पावसाळ्यात प्रकल्प पाण्याखाली गेला. त्या धरणाच्या १,४५० मेगावॉट क्षमतेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे. बिलगावच्या पंधरा किलोवॉटांची नुकसानभरपाई कोणत्या कलमाखाली मोजायची, याची सोय एवढ्या मोठ्या करारात नव्हती.

बिहारच्या धरनईत तार आली आणि जाळे मेले. २०१४ मध्ये ग्रीनपीसने तिथे शंभर किलोवॉटचे सौर मायक्रोग्रिड सुरू केले, देशभर गाजावाजा झाला. गावकऱ्यांनी माजी मुख्यमंत्र्यांकडे लगेच सरकारी विजेची मागणी केली, कारण मायक्रोग्रिडवर फ्रिज चालेना आणि दर सरकारी दराच्या तिप्पट. सरकारी वीज आली, ग्राहक तिकडे गेले, बॅटऱ्या बसल्या, आणि काही वर्षांत त्या केंद्रात जनावरे बांधली जाऊ लागली. गावकऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. अनुदानित तीन रुपयांच्या विजेशेजारी विनाअनुदान नऊ रुपयांची वीज ठेवली तर कोणीही तीन रुपयांचीच घेणार. चूक अशी की, सरकारी वीज येणार हे माहीत असूनही ती आल्यावर त्या शंभर किलोवॉटचे काय, यावर कोणी कागद केला नाही. उत्तर प्रदेशाने २०१६ च्या मिनीग्रिड धोरणात निदान तसा कागद केला: तार आली तर चालकाने आपली वीज वितरण कंपनीला विकावी किंवा संच तिच्या हवाली करून मोबदला घ्यावा.

यावर गुजरातमधला वाचक म्हणेल की आमच्याकडे हा प्रश्नच कुठे आहे? त्याचे म्हणणे वजनदार आहे. २००३ ते २००६ च्या दरम्यान ज्योतिग्राम योजनेत राज्याने शेतीचे आणि गावठाणाचे फीडर वेगळे केले. घरांना चोवीस तास थ्री-फेज आणि शेतीला ठरवून आठ तास. देशात त्याची नक्कल झाली आणि ती योग्यच होती. बडोदा जिल्ह्यातल्या गावात आज वीज आहे. मग साठ घरांसाठी बॅटऱ्यांची खोली कशाला?

एक कारण वादळ. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात हजारो गावांची वीज एका रात्रीत गेली आणि सौराष्ट्रातल्या कित्येक गावांना ती परत यायला आठवडे लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी खुद्द बडोद्यात शिरले, तेव्हा शहराच्या मोठ्या भागांत वीज बंद ठेवावी लागली. जिथून राज्याची वीज चालते त्या शहराचे हे, तर कवांटच्या डोंगरातल्या लांबलचक फीडरच्या शेवटच्या घराचे काय होत असेल याचा विचार करावा. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. वितरण कंपनीला शेवटच्या गावापर्यंत वीज नेण्याचा खरा खर्च बिलातून कधीच वसूल होत नाही. तोटा दुसऱ्या ग्राहकांवर आणि तिजोरीवर पडतो. गावातच वीज तयार झाली तर तो तोटा कमी होतो. म्हणजे तार आलेल्या गावातही छोट्या जाळ्याला जागा आहे, फक्त त्याने तारेशी स्पर्धा करायची नाही. मोठी तार हेच संमिश्र जाळ्यातले एक साधन मानायचे. डिझेल जनरेटरचे काम तिने करायचे, आणि वादळात ती पडली की गावाने आपापले पंप, दिवे, दवाखाना चालवायचा.

हे चालते याचा पुरावा बडोद्यापासून फार लांब नाही. खेडा जिल्ह्यात ठासरा तालुक्यात धुंडी गाव आहे. तिथल्या सहा शेतकऱ्यांनी आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या पुढाकाराने सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. २०१६ मध्ये तिचे काम सुरू झाले. आधी हे शेतकरी डिझेलवर पाणी उपसत. सहाही पंपांच्या पॅनेलांची मिळून क्षमता ५६.४ किलोवॉट. पंप चालू नसताना तयार होणारी वीज एका छोट्या जाळ्याने एकाच मीटरवर आणायची आणि मध्य गुजरात वीज कंपनीला विकायची. कंपनीने पंचवीस वर्षे युनिटला ४.६३ रुपये देण्याचा करार केला. शेतकऱ्यांनी त्या पंचवीस वर्षांत अनुदानित शेतीजोडणी मागण्याचा हक्क सोडला. त्यावर संस्थेने सुरुवातीला आपल्या निधीतून हरित ऊर्जेसाठी सव्वा रुपया आणि पाणी वाचवल्याबद्दल सव्वा रुपया दिला. बहुतांश भांडवलही संस्थेचेच होते, हे विसरून चालणार नाही. धुंडी हा प्रयोग होता, धंदा नव्हता. पण त्यात एक गोष्ट पक्की होती. दर, मुदत, मीटर आणि हक्क, सगळे आधी लिहिले गेले. कंपनीला सहा मीटर वाचावे लागले नाहीत, आतला हिशोब मंडळीने पाहिला. पाणी उपसण्यापेक्षा वीज विकण्यात फायदा दिसला की भूजलही वाचते, हा त्यातला आणखी एक लाभ. पुढे आणंद जिल्ह्यातल्या मुजकुव्यात राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाने अशीच मंडळी उभी केली, आणि राज्याने २०१८ मध्ये सूर्यशक्ती किसान योजना काढली.

याच्या तुलनेत मोढेरा पाहा. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते देशातले पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले: सहा मेगावॉटचा संच, पंधरा मेगावॉट-तासांची बॅटरी, तेराशेहून अधिक छतांवर एक-एक किलोवॉट, खर्च ऐंशी कोटींच्या घरात. घरटी भागले तर सहा लाखांवर जाते. हा भागाकार त्या योजनेवर थोडा अन्याय करणारा आहे, कारण मोठा संच घरांपलीकडेही वीज देतो. तरीही तो नमुना प्रत्येक गावाला देता येणार नाही, हे मान्य केले पाहिजे. त्यातून घेण्यासारखे एकच आहे: साठवणीची वीज दिवेलागणीला. आणि साठवणीचा भाव आता उतरतो आहे. २०२२ मध्ये केंद्राच्या पहिल्या मोठ्या बॅटरी निविदेत मेगावॉटमागे महिन्याला सुमारे १० लाख ८० हजार रुपये बोली लागली होती. २०२४ मध्ये बडोद्याच्याच गुजरात ऊर्जा विकास निगमाच्या निविदेत ती साडेचार लाखांखाली आली. एवढी घसरण शहरांना आणि उद्योगांना मिळत असेल तर फीडरच्या टोकाच्या गावालाही तिचा वाटा मिळाला पाहिजे.

दुरुस्ती करणाऱ्या माणसाचे काय? बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले, प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. तंत्राचे शिक्षण लोकांच्या भाषेत आणि हातांनी काम करणाऱ्यांना मिळावे हा त्यामागचा आग्रह होता. आज तेच इथल्या विद्यापीठाचे तंत्रशास्त्र महाविद्यालय आहे आणि तिथून निघणारा इंजिनियर गावातल्या इन्व्हर्टरपाशी जाणार नाही; त्याने जावे अशी अपेक्षाही चूक. पण दहा-बारा गावांमागे एक आयटीआय झालेला मुलगा किंवा मुलगी, वितरण कंपनीच्या पगारावर, सुट्या भागांची पेटी आणि मोटारसायकल घेऊन, एवढे उभे करणे या शहराच्या आवाक्यात नक्की आहे. विश्वासार्हतेचा सर्वांत स्वस्त भाग हाच आहे.

म्हणून मध्य गुजरात वीज कंपनीला आणि राज्याच्या वीज नियामक आयोगाला माझी विनंती आहे. गावातल्या संमिश्र जाळ्यांसाठी यापुढे अनुदान द्याल तेव्हा सगळे पैसे उभारणीच्या दिवशी देऊ नका. निम्मे राखून ठेवा आणि संध्याकाळी सहा ते रात्री अकरा या वेळात जितके तास वीज खरोखर मिळाली त्या प्रमाणात सात वर्षांत द्या. दुसऱ्या बॅटरीचे पैसे आपोआप त्यातूनच उभे राहतील. धुंडीसारखा खरेदीचा करार पहिल्या पानावर असू द्या. आणि ज्या गावात असे जाळे आहे तिथल्या पंचायतीच्या फलकावर, थकबाकीच्या यादीशेजारी, गेल्या महिन्यात किती तास वीज गेली तो आकडा दर महिन्याला लिहा.